धुराचे डॉक्टर

हालकुडे सरांबद्दल कुणी चांगलं बोललं की मला राग येतो, आणि वाईट बोललं की त्याहून जास्त येतो. चांगलं बोलणारे त्यांना भोळा माणूस म्हणतात. वाईट बोलणारे म्हणतात, याच्या हुशारीनं याच्या भावाचा जीव घेतला. दोघांनाही तो माणूस धड माहीत नाही. मी त्यांच्यासोबत एका खोलीत आख्खी नोकरी काढली. समोरासमोर टेबलं, मधे एक कपाट, वर एकच पंखा, आणि तोही सरांमुळे अर्धा वेळ बंद. तेव्हा जरा माझंही ऐका.

डॉ. वैजनाथ हालकुडे नांदेडला आमच्या कॉलेजात शेतीचं अर्थशास्त्र शिकवायचे. मी संख्याशास्त्राची. त्यांनी गावोगाव फिरून माहिती गोळा करायची आणि मी तिची गणितं मांडायची, अशी आमची वाटणी होती. हवामान बदलावर आमच्याकडे बोलत सगळेच होते. कुणी कमी पाण्याचं बियाणं काढत होतं, कुणी पीक विम्याचं बघत होतं. म्हणजे ऊन वाढणारच आहे, तर ते सोसायचं कसं, एवढंच. सरांचा विषय वेगळा. शेतातून जो धूर आणि जो वायू वर जातो तो कमी कसा करायचा, आणि कमी करणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडेल, हे ते बघायचे. मराठवाड्यात, जिथं माणसाला पुढच्या महिन्याचं पाणी दिसत नाही, तिथं हा विषय घेऊन फिरायचं म्हणजे शिव्या खायचीच तयारी पाहिजे. ती त्यांची होती.

उंच, खांद्यात वाकलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे फिकट, शर्टाच्या आत गळ्यात लिंगायतांचं लिंग. गाव रेणापूरजवळचं, पण आजोळ कर्नाटकाच्या हद्दीवरचं, त्यामुळे कामावरच्या प्रत्येक बाईला ‘अक्का’ म्हणायचे. मी त्यांच्यापेक्षा चांगली लहान, तरी ‘कदम अक्का’. सुरुवातीला मी चिडायचे. मग सवय झाली, आणि आता तर कुणी मॅडम म्हणलं की परकं वाटतं. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. डब्यात ज्वारीच्या भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी, कधी बदल नाही. मी म्हणायचे, सर, एखाद दिवशी भाजी आणा, जग बुडणार नाही. ते म्हणायचे, त्याचा अभ्यास झालेला नाही. असं बोलून स्वतः हसायचे नाहीत, आणि समोरच्याला हसावं की नाही कळायचं नाही.

बसमधून जाताना खिडकीतून वास आला की डोळे न उघडता सांगायचे, कापसाची पऱ्हाटी जाळतायत. किंवा, ही तूर आहे. किंवा, हे उसाचं पाचट, ओलं आहे अजून. शेजारचा प्रवासी त्यांच्याकडे असा बघायचा की मला दुसऱ्या सीटवर जाऊन बसावंसं वाटायचं.

नांदेडात रेल्वेचं फाटक लागलं की त्यांची एक खोड होती. स्कूटर बंद करायची, स्टँडवर लावायची आणि रांगेतल्या प्रत्येक गाडीशी जाऊन सांगायचं, इंजिन बंद करा, गाडी यायला वेळ आहे. लोक बंद करायचे, कारण विभूती लावलेला वयस्कर माणूस हात जोडून सांगतोय. एकदा एक ऑटोवाला अडला. म्हणाला, “चच्चा, गाडी मेरी, तेल मेरा, तुमकू कायकू पंचायत?” सरांनी त्याला विचारलं, घरी कोण कोण आहे. तो म्हणाला, तीन पोरी. मग सर त्याच्या शेजारी सीटवर बसले आणि फाटक उघडेपर्यंत त्याला धुराबद्दल सांगत राहिले. फाटक उघडलं तेव्हा ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलेलंच होतं. कशामुळे, तर सरांचं ऐकू यावं म्हणून. पुढे तो कधी फाटकावर भेटला की लांबूनच किल्ली फिरवायचा आणि सलाम करायचा. मी सरांना म्हणलं, बघा, एक माणूस सुधारला. ते म्हणाले, सुधारला नाही अक्का, मला टाळतोय. पण धूर तेवढाच कमी.

हे त्यांचं सगळं अर्थशास्त्र होतं. माणूस चांगला आहे की वाईट, त्याच्या मनात काय आहे, यात त्यांना रस नव्हता. तो काय करतो आणि ते करण्यात त्याचा फायदा काय, एवढं बघायचं. फायदा बदला, माणूस आपोआप बदलतो. मी त्यांच्याशी यावरून किती भांडले असेन. मी म्हणायचे, सर, एसीत बसणाऱ्यांना जाऊन सांगा धुराचं, आमच्या फाटक्या लोकांच्या मागं का लागलात? ते शांतपणे म्हणायचे, त्यांना सांगणारे दुसरे आहेत, माझा विषय शेती आहे. वर डबा पुढे सरकवायचे, चटणी घ्या. भांडणाचा विचका.

देगलूरकडे एका गावात सभा होती. मारुतीच्या पारावर निम्मे लोक मराठीत बोलत होते, निम्मे तेलुगूत, दोन-चार म्हातारे कानडीत, आणि सर तिन्ही बाजूंना मान हलवत होते. काढणीनंतर धसकटं जाळू नका, मातीत गाडा, असा विषय. सरांनी नेहमीचं वाक्य टाकलं, की आमच्यात मेलेल्या माणसालाही जाळत नाहीत, मातीत बसवतात, आणि तुम्ही जित्या जमिनीला काडी लावता. लोक हसले. तेव्हा एक पटकेवाला म्हातारा उठला आणि म्हणाला, “सायेब, आमच्या काडीचा धूर तुमाला लई लांबून दिसतो. त्या मोठमोठ्या धुराड्याचा न्हाई का दिसत?”  मला वाटलं, आता बरी जिरली. सर म्हाताऱ्याकडे वळले. “दिसतो,” म्हणाले. “पण तिथं मला आत कोण सोडतंय?” म्हाताऱ्यानं जाताना त्यांना आपल्या घरी जेवायला नेलं.

आता उसाकडे येते, कारण त्याच्याशिवाय सरांबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

लातूर-रेणापूरच्या भागात ऊस आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊस पिकला तरी शेतकरी तो आपल्या मनानं तोडून नेऊ शकत नाही. कारखान्याची तोडकऱ्यांची टोळी यावी लागते. टोळीची पाळी लांबली की ऊस वाळतो, तुरे येतात, वजन घटतं, आणि मालक रोज बांधावर जाऊन बघत बसतो. पण ऊस जळाला, तर गोष्ट वेगळी. जळीत ऊस लगेच गाळावा लागतो, नाहीतर रस नासतो. म्हणून जळिताला पाळी पहिली. भावात थोडी कपात व्हायची, पण ऊस शेतातून जायचा. मग लोक काय करणार? संध्याकाळी एका कोपऱ्याला काडी लावायची आणि कारखान्याला फोन करायचा, विजेची वायर घासली हो. सकाळी टोळी हजर. हंगामात त्या भागात संध्याकाळी उभं राहिलं तर चारही दिशांना उजेड दिसायचा. गावातली लेकरं खोकायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे पापुद्रे पडायचे, आणि मातीतलं सगळं सत्त्व वर जायचं. सरांनी ठरवलं, हे थांबवायचं. हे त्यांच्या आयुष्याचं काम झालं.

त्या कामात मला त्यांचे थोरले भाऊ भेटले. मन्मथअण्णा. सर जेवढे मिटलेले तेवढा हा माणूस मोकळाढाकळा. दणकट, मिशा पांढऱ्या, बोलायला लागला की शेजारच्या शिवारात ऐकू जावं. नांदेडला आले की आमच्या खोलीत काकवीची बरणी घेऊन यायचे आणि सगळ्या शिपायांसमोर म्हणायचे, कुठाय आमचा धुराचा डॉक्टर? मला म्हणायचे, मॅडम, ह्याला जरा हसायला शिकवा, आईनं ह्याला जन्मतः लिंबाचा पाला चारला. वडील गेल्यावर शेत अण्णांनी धरलं म्हणून सर शिकले. याची कुणी आठवण काढली की अण्णा चिडायचे. सर चिडायचे नाहीत, पण मान खाली घालायचे.

आम्ही विद्यार्थी घेऊन त्या गावात पाहणीला गेलो होतो. घरोघर जाऊन ठरलेले प्रश्न विचारायचे. अण्णांच्या घराची पाळी आली तेव्हा विद्यार्थी संकोचले, म्हणून सर स्वतः विचारायला बसले. त्यांच्या उसाची आदल्या हंगामात जळीत म्हणून तोड झाली होती. सरांनी कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला, आग कशामुळे लागली? सगळं गाव काय उत्तर देत होतं ते आम्हाला पाठ होतं. अण्णा मिशीवरनं हात फिरवत हसले.

“लिव, काडीनं.”

विद्यार्थी फिदीफिदी हसले. आतून वैनी, म्हणजे अण्णांच्या बायको सुमनवैनी, पदर तोंडाला लावून हसत होत्या. सरांनी ते उत्तर लिहिलं, खाली पुढचे सगळे प्रश्न विचारले, सगळी उत्तरं लिहिली, आणि उठले. वैनींनी धपाटे केले होते. ताटं वाढलेली होती. सर चप्पल घालून चालू लागले, आणि आम्हालाही ताटावरून उठून त्यांच्या मागं जावं लागलं. रस्त्यात मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. अहो, अन्नावर कसला राग? ते म्हणाले, जगाला सांगत फिरतो आणि घरातच काडी. एवढंच. नांदेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

पुढे महिन्याभरानं अण्णाच नांदेडला आले. बरणी नव्हती. सरांच्या टेबलासमोर उभे राहिले आणि गळ्यातलं लिंग हातात धरून म्हणाले, वैजू, इथून पुढं माझ्या हातनं काडी लागायची न्हाई. सर उठून कपाटात काहीतरी शोधायला लागले. कपाटात शोधण्यासारखं काही नव्हतं, ते मला ठाऊक होतं. अण्णांनी दिलेला शब्द पुढे पाळला, ऊस वाळत गेला तरी पाळला. गावातले लोक त्यांची थट्टा करायचे, की डॉक्टरच्या भावाचा ऊस बांधावरच म्हातारा होणार.

सरांचा अहवाल झाला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, जळीत उसाची कपात इतकी वाढवा की काडी लावणं परवडूच नये. दोन, तोडणीच्या पाळ्या चावडीवर उघड लावा, त्या मोडू नका, आणि हंगामात गावागावात पाण्याचा टँकर उभा ठेवा. कारखान्यानं अहवाल वाचला आणि त्यातली पहिली गोष्ट घेतली. ती घ्यायला त्यांना काही खर्च नव्हता, उलट. दुसरी पुढच्या वर्षी बघू म्हणाले. सरांना बोलावून शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला.

आणि पुढच्या हंगामात आगी कमी झाल्या. खरंच झाल्या. आकडे मीच मांडले. सरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि उठून पंखा पूर्ण वेगात लावला. आमच्या खोलीत इतके कागद उडाले की शिपाई धावत आला. मी त्यांना इतकं आनंदात त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतर तर नाहीच.

कारण त्या अहवालात एक गोष्ट कुणीच मांडली नव्हती. पूर्वी ऊस पेटला, मग तो कुणी पेटवलेला असो की आपोआप पेटलेला, लोक बांधावर उभे राहून बघायचे. कपात थोडी होती, जीव धोक्यात घालण्याएवढी नव्हती. आता कपात मोठी झाली. आता पेटलेला ऊस म्हणजे वर्ष बुडालं. तेव्हा लोक ओली गोणपाटं घेऊन आत घुसायला लागले. उसाची आग ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, ती चुलीसारखी जळत नाही. वारा फिरला की ती माणसाच्या मागून येते.

त्याच हंगामाच्या शेवटाला, दुपारची वेळ होती. अण्णांच्या शेतावरून गेलेल्या तारा वाऱ्यानं घासल्या आणि ठिणगी पडली. शेजारच्या शेतातल्या बायकांनी ते डोळ्यांनी पाहिलं. अण्णा विहिरीवर होते. लोकांनी हाका मारल्या, अण्णा, जळू द्या, बाहेर या. ते थांबले नाहीत. कपातीची काळजी होतीच, पण ती इतरांना होती तेवढीच. अण्णांना दुसरी होती. गोणपाट भिजवताना ते काय म्हणाले ते शेजारच्या माणसानं नंतर आम्हाला सांगितलं. म्हणाले, माझ्या शेतात धूर दिसला तर लोक वैजूला काय म्हणतील. आणि आत गेले.

लातूरच्या दवाखान्यात सर रात्रंदिवस बसून होते. मी जाऊन-येऊन होते. अण्णांचा मुलगा संगमेश, चांगला कर्ता तरणा माणूस, पण त्या खोलीत जायला त्याचे पाय उचलत नव्हते. सर जायचे. मी एकदा दारात उभी असताना अण्णा शुद्धीवर आले. तोंडावर पट्ट्या होत्या, एक डोळा तेवढा उघडा होता. त्यांनी सरांना ओळखलं. पुष्कळ वेळ त्यांचे ओठ हलत राहिले, मग शब्द आले.

“वैजू, मी लावली न्हाई रं.”

सर म्हणाले, मला माहीत आहे अण्णा. मला माहीत आहे. अण्णांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे, कारण त्यांनी तेच पुन्हा म्हणलं, आणि पुन्हा. जाईपर्यंत त्या माणसाला दुसरं काही सांगायचं नव्हतं. मला आजही हे लिहिताना संताप येतो. कुणावर, ते मला सांगता येत नाही. लेकरांबद्दल बोलला असता, शेताबद्दल, बायकोबद्दल बोलला असता. भावाला पटवत गेला, की मी काडी लावली नाही.

त्यांच्यात माणसाला मातीत बसवतात. पालथी मांडी घालून, तळहातावर लिंग ठेवून, बेलाची पानं, विभूती. अण्णांना बसवता येईना. विधी करणाऱ्या जंगमांनी जमेल तसं केलं. सर खड्ड्याच्या कडेला उभे होते आणि मागं लोक कुजबुजत होते, तेही त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. धुराच्या डॉक्टरनं भावाला खाल्लं. मी मागं वळून त्या लोकांना गप्प बसा म्हणणार होते. सरांनी माझ्याकडे न बघता हातानं नको म्हणून खूण केली. सभेतलं ते जाळण्याचं आणि मातीचं वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

अण्णांचे दिवस झाल्यावर आम्ही भेटायला गेलो तेव्हा सुमनवैनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला धास्ती होती, की आज ही बाई काय ते बोलून घेणार, आणि घेऊ दे, तिचा हक्क आहे. त्यांनी सरांना पाणी दिलं. मग म्हणाल्या, “भाऊजी, ते तुमचं धुराचं, कमी झालं का वो?”

खोटं बोलायला ती योग्य जागा होती. मी तरी बोलले असते. सर म्हणाले, “झालं, वैनी. निम्म्याहून कमी झालं.”

वैनींनी मान हलवली. “ह्यांना सांगायचं होतं. बरं वाटलं असतं.”

सर उठून बाहेर गेले. मी आणि वैनी बसून राहिलो. 

नांदेडला परत आल्यावर मी त्यांना समजवायला लागले, की चूक तुमची नाही, कारखान्यानं अर्धंच घेतलं, टँकर ठेवला असता, पाळ्या लावल्या असत्या तर हे झालं नसतं. माझं बोलणं खरंच होतं. आजही खरं आहे. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अक्का, ते अर्धंच घेतात. स्वस्त असेल तेवढंच घेतात. मी हेच तर शिकवतो.” 

मग त्यांनी ठरवलं, कपात मागं घ्यायला लावायची. पूर्ण नाही तर निदान आपोआप लागलेल्या आगीपुरती. आम्ही दोघं कारखान्यावर गेलो. अध्यक्ष होते, शेतकी अधिकारी होते, चहा आला, बिस्किटं आली. अण्णांबद्दल सगळ्यांनी दोन शब्द म्हणले. सरांनी आपलं म्हणणं मांडलं. अध्यक्ष फार आदरानं बोलत होते, ते माझ्या जास्तच डोक्यात जात होतं. म्हणाले, सर, आपोआप लागलेली कोणती आणि लावलेली कोणती, हे कोण ठरवणार? सगळेच म्हणतील वायर घासली. हे तर तुम्हीच लिहिलंय. आणि त्यांनी अहवाल उघडून ते पान सरांसमोर ठेवलं. वाक्य सरांचं होतं, आकडे माझे होते. योजना यशस्वी आहे, म्हणाले, आता बाकीचे कारखानेही मागतायत तुमचा अहवाल. दुःखाच्या भरात एवढं चांगलं काम मोडू नका.

मी टेबलावर हात आपटला. टँकरचं काय झालं, पाळ्यांचं काय झालं, माणूस मेला तुमच्या अर्धवटपणानं, असं बरंच बोलले. सरांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं. गाडीतळावर उभे राहिल्यावर म्हणाले, त्यांचं बरोबर आहे अक्का, धूर कमी झालाय. माझी तीच तर मागणी होती. मी म्हणलं, मग तुमचं काय म्हणणं आहे, सर?  

ते पुढेही अर्ज करत राहिले. दुसऱ्या कारखान्यांना पत्रं लिहिली, की माझा अहवाल वापरू नका, आणि वापरायचा तर सगळा वापरा. परिषदांमध्ये अण्णांचं मरण आकड्यांसोबत सांगायला लागले. तिथले विद्वान अस्वस्थ व्हायचे. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, की हे जरा खासगी नाही का वाटत? मी त्याला माझ्या पद्धतीनं समजावलं. पण खरं सांगायचं तर कपात हलली नाही. कारखान्याचं तिच्यावर चांगलं चाललं होतं.

निवृत्त झाल्यावर सर गावी राहायला गेले, अण्णांच्याच घरात, एका बाजूच्या खोलीत. लोक म्हणाले, प्रायश्चित्त घेतायत. मला तो शब्द आवडत नाही. फोनवर मी विचारायचे, काय करता सर दिवसभर? म्हणायचे, हंगामात काम असतं. कसलं काम ते सांगायचे नाहीत. मला वाटलं, संगमेशला शेतात मदत करत असतील.

परवाच्या हंगामात रेणापूरला एका विद्यार्थिनीचं लग्न होतं. जेवणं झाल्यावर मी तिथून ऑटो करून त्यांच्या गावाला गेले. सर वाळले होते. वैनींनी चहा टाकला, मी त्यांच्याजवळ चुलीपाशी बसले, इकडचं तिकडचं बोलत होतो. तेवढ्यात संगमेशचा फोन वाजला. पांदीच्या, म्हणजे शेतरस्त्याच्या, वरच्या अंगाला बालाजीचा ऊस पेटला होता. तारच तुटली होती. मी काही विचारायच्या आत सर चप्पलही न घालता निघाले, आणि त्या वयात असे निघाले की संगमेश मागं राहिला. वैनीही पदर खोचून निघाल्या. मीही धावले. मला वाटलं, विझवायला चाललेत.

पांदीत माणसं जमली होती. आग अजून शेताच्या पलीकडच्या टोकाला होती, पण आवाज इथंपर्यंत येत होता. बालाजी, लग्न होऊन फार दिवस झाले नसतील असा पोरसवदा गडी, गोणपाट भिजवून आत शिरायच्या बेतात होता. त्याच्या मागं त्याचा भाऊ, मागं बायको घागर घेऊन. सर त्यांच्या आणि उसाच्या मधे जाऊन उभे राहिले. दोन्ही हात पसरले.

“जळू द्या,” म्हणाले.

बालाजीला ते कळलंच नसावं. तो बाजूनं जायला लागला. सर त्याच्या समोर सरकले. तो दुसऱ्या बाजूनं गेला, सर तिकडे सरकले. मग तो भडकला, आणि त्याचं काही चुकलं नाही. म्हणाला, “कपात तुमीच वाढवली, आन आता जळू द्या म्हणून राहिलाव? वर्ष चाललं माझं डोळ्यादेखत. तुमचं काय जातंय?”

 सरांचे हात तसेच पसरलेले होते. बालाजीनं त्यांना ढकललं, ते मागं हलले आणि पुन्हा जागेवर आले. संगमेश मधे पडायला निघाला, त्याला वैनींनी थांबवलं. त्या पुढे झाल्या, बालाजीच्या हातातलं गोणपाट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं.

“आमचं जायचं ते गेलं, बाळा,” म्हणाल्या. “तू हितंच थांब.”

बालाजी वैनींकडे बघत राहिला. मग त्यानं गोणपाट सोडलं आणि पांदीत मटकन बसला. त्याची बायको रडायला लागली. उसाची कांडी फटाक्यांसारखी फुटत होती, धग आमच्या तोंडावर येत होती, आणि काळे पापुद्रे सगळ्यांच्या डोक्यावर, वैनींच्या पदरावर पडत होते. आता आत जायला कुणीच निघालेलं नव्हतं. मी सरांना म्हणलं, सर, झालं, थांबले सगळे, या इकडे. त्यांना ऐकू गेलं नाही. आगीकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून, हात पसरून ते तिथंच उभे होते आणि बसलेल्या आवाजात म्हणत होते, “जळू द्या, बाबांनो. आत जाऊ नका. जळू द्या.”